पायात उतरणारी कळ : शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर



पेण तालुक्यातील डोलवी, वडखळ या धरमतर खाडीकाठच्या पट्ट्यात कंबरदुखीचे कोणाला नवल वाटत नाही. आवणीत दिवसभर वाकायचे, बांधाला खांड गेली की चिखल उचलायचा, आणि कारखान्यात नोकरी असेल तर पाळीही भरायची. यातील साधी कंबरदुखी चार-आठ दिवसांत बसते. परंतु जी कळ कंबरेत न थांबता कुल्ल्यातून, मांडीच्या मागून पोटरीत व पावलापर्यंत उतरते, खोकला-शिंक आली की वाढते, ती वेगळी. तिला सायटिका म्हणतात. आयुर्वेदात तिचे नाव गृध्रसी.

दुखणे पायात जाणवले तरी त्याचे मूळ बहुधा कंबरेच्या मणक्यांत असते. दोन मणक्यांमध्ये चकती असते. बाहेर चिवट कडे, आत मऊ गर. कडे फाटून गर बाहेर आला की शेजारच्या नसेच्या मुळावर दाब येतो. अमेरिकेतील मिक्स्टर व बार या डॉक्टरांनी १९३४ साली हे दाखवून दिले.

दिलाशाची गोष्ट अशी की बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदा स्वतःच हळूहळू शोषून घेते. म्हणून बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत आराम पडतो. या काळात खाटेला खिळून राहू नये. फार कळ असेल तर एक-दोन दिवस पडावे, मग दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे चालावे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. मनाने महिनोन्महिने घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडाला इजा होते. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाय लावून घेण्याची चाल आपल्याकडे आहे. हलका स्पर्श असेल तोवर ठीक, पण दुखऱ्या मणक्यावर लाथ मारून घेऊ नये. बिब्ब्याचे चटके तर मुळीच नकोत. कातडी भाजते, नस मात्र दबलेलीच राहते.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही दवडू नये. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या मधली व बसण्याची जागा बधिर होणे, दोन्ही पायांतील शक्ती जाणे, चालताना पाऊल लोंबकळून चप्पल सुटणे. अशा वेळी आवणी अर्ध्यावर असली तरी सोडून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास हे नुकसान कायमचे राहू शकते.

ही लक्षणे नसतील तर शस्त्रक्रियेचा निर्णय सावकाश घेता येतो. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर गेली. पण वर्षअखेर थांबलेले व शस्त्रक्रिया केलेले जवळपास सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना मात्र पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. नुसत्या एमआरआयच्या चित्रावरूनही घाबरू नये. काहीच न दुखणाऱ्या माणसांतही चकती सरकलेली दिसते.

करायचीच ठरली आणि डॉक्टरांनी थांबण्यास हरकत नाही असे सांगितले, तर हंगामाचा विचार अवश्य करावा. झोडणी आटोपल्यावर, मार्गशीर्ष-पौषात केली तर आवणीपर्यंत सहा महिने मिळतात. वैशाखात करून आषाढात खाचरात उतरणे म्हणजे दुखणे पुन्हा बोलावणे होय.

शस्त्रक्रियेनंतर पायाची कळ बहुधा लगेच उतरते, पण बधिरपणा, मुंग्या आणि अशक्तपणा जायला महिने लागतात. काहींत थोडा कायम राहतो. नस जितके दिवस दबलेली, तितका तिला वेळ लागतो. येथेच पुष्कळजण शस्त्रक्रिया फसली असे समजून खचतात. कामाप्रमाणे कमीजास्त होणारे जुने दुखणे आणि नवे संकट यांत फरक करावा. ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणे, बरी झालेली कळ एकाएकी परत उतरणे, पायाची शक्ती नव्याने जाणे, ही नवी संकटे आहेत. त्यांत त्वरित दाखवावे.

दुखणे रेंगाळणाऱ्यांची एक सवय फार घातक. बरे वाटले त्या दिवशी दोन दिवसांचे काम उरकायचे आणि पुढचे चार दिवस पडून राहायचे. त्याऐवजी काम घड्याळावर करावे. वीस मिनिटे काम, मग उठून चालणे. दुखत नसले तरीही थांबावे. आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. पहिले सहा आठवडे वाकणे, कंबर पिळणे व ओझे टाळावे. जड कामाला सुमारे तीन महिने तरी लागतात, व तेही डॉक्टरांना विचारूनच. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली असली तरी ती एकट्याने उचलू नये. विद्यापीठाच्या वैभव विळ्याने कापणी सोपी होते, पण वाकणे चुकत नाही, हेही लक्षात ठेवावे. तंबाखू सोडावी, तिने जखम व चकती दोन्हींचे भरून येणे मंदावते.

पहिल्या वर्षी घरची आवणी कमी करता येईल का पाहावे. मोड आलेले बी चिखलात फेकून रहू पद्धतीने काही खाचरे केल्यास तेवढे वाकणे वाचते. सावड चुकवायची लाज वाटते हे खरे. पण तिची परतफेड कामाच्या हिशेबाने किंवा उभ्याने होणाऱ्या कामांनीही होते. ते सावडकऱ्यांशी आवणीच्या आधीच बोलून घ्यावे.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने रायगडासह आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आपली शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वी विचारावे. जाताना शिधापत्रिका, आधार कार्ड आणि आधीचे सर्व कागद व चित्रे बरोबर न्यावीत.