सेमाफोर : एक वही, दोन हात

आमच्या दुकानात उधारीची वही एकच. लिहिणारे मात्र दोघे, मी आणि माझा धाकटा भाऊ. मागच्या वर्षी एका आजींच्या खात्यावर ८४० रुपये बाकी होती. त्यांचा नातू ६० रुपयांचा माल न्यायला आला. मी वहीतले ८४० चिठ्ठीवर उतरवून घेतले, त्यात ६० मिळवून ९०० केले आणि माल बांधायला उठले. तेवढ्यात आजी स्वतः आल्या व त्यांनी भावाजवळ २०० रुपये दिले. भावाने वहीत बाकी लिहिली ६४०. थोड्या वेळाने मी वरची ओळ न पाहताच चिठ्ठीवरचे ९०० खाली लिहून टाकले. खरी बाकी होती ७००.

महिनाअखेरीस आजी म्हणाल्या, "अगं, मी दोनशे दिले होते की!" वयामुळे त्या विसरल्या असतील असे क्षणभर मला वाटले, याची आजही लाज वाटते. वही उलगडली तेव्हा भावाच्या अक्षरातले ६४० सापडले. माझी बेरीज बरोबर होती, भावाची वजाबाकीही बरोबर होती. हिशेब तेवढा चुकला होता.

पुढे संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमविषयी वाचताना हाच प्रसंग मला पुन्हा भेटला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला जेवढे समजले तेवढे येथे मांडते.

चूक कोठे होते?

चालू असलेल्या प्रोग्रामला 'प्रोसेस' म्हणतात. संगणकात एका वेळी अनेक प्रोसेस चालू असतात आणि ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येकीला आळीपाळीने थोडा थोडा वेळ देते. 'बाकीत ६० मिळव' ही आज्ञा आपल्याला एकच वाटते. प्रत्यक्षात तिच्या बहुधा तीन पायऱ्या होतात : आकडा वाचणे, बेरीज करणे आणि नवा आकडा लिहिणे. पहिल्या व तिसऱ्या पायरीच्या मध्ये दुसऱ्या प्रोसेसची पाळी आली आणि तिनेही तोच आकडा बदलला, तर आजींच्या दोनशे रुपयांसारखी एक नोंद बुडते. शिवाय आमच्या वहीत ६४० ची ओळ पुरावा म्हणून उरली होती. संगणकात नवा आकडा जुन्याच्या जागीच बसतो; मागे काही उरत नाही. प्रोग्रामच्या या नाजूक भागात एका वेळी एकाच प्रोसेसने शिरावे, एवढीच खरी गरज आहे.

डाइक्स्ट्रा यांचा उपाय

हा उपाय नेदरलंड्समधील संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुचवला. आइंडहोवनच्या तांत्रिक विद्यापीठात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो वापरला गेला. १९६८ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले.

'सेमाफोर' म्हणजे खूण वाहणारा. रेल्वेच्या खांबावरचा वर-खाली होणारा हात तो सेमाफोर. एकेरी मार्गावर पूर्वी गार्डाच्या नव्हे, ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा देत. ज्याच्याजवळ गोळा, त्याचीच गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत जाणार; तेथे गोळा परत केल्याशिवाय दुसरी गाडी सुटणार नाही. संगणकातील सेमाफोरचे कामही असेच चालते.

सेमाफोर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने सांभाळलेला एक पूर्णांक. त्यावर दोनच क्रिया करता येतात. पहिली 'पी' : आकडा शून्याहून मोठा असेल तर एकाने कमी करून पुढे जा; शून्य असेल तर रांगेत झोपून राहा. दुसरी 'व्ही' : रांगेत कोणी असेल तर त्यातल्या एकाला उठव, नाहीतर आकडा एकाने वाढव. 'व्ही' हे वाढवणे या अर्थाच्या डच शब्दाचे आद्याक्षर. 'पी' हे 'कमी करून पाहा' अशा अर्थाने डाइक्स्ट्रांनी घडवलेल्या शब्दाचे. इंग्रजी पुस्तकांत यांनाच वेट आणि सिग्नल म्हणतात.

आता आमची वही घ्या. सेमाफोर आरंभी १. मी 'पी' केले, आकडा ० झाला, मी ८४० वाचले. भाऊ 'पी' करू लागला. आकडा शून्य, म्हणून तो थांबला. मी ९०० लिहून 'व्ही' केले, भाऊ जागा झाला, त्याने ९०० वाचून ७०० लिहिले. हिशेब जुळला. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 'पी' मधील पाहणे आणि कमी करणे ही एकच अखंड क्रिया असली पाहिजे. नाहीतर मूळची चूक सेमाफोरमध्येच शिरेल. आणि थांबलेली प्रोसेस झोपते, त्यामुळे संगणकाचा वेळ फुकट जात नाही.

आरंभीचा आकडा १ च असावा असे नाही. तीन प्रिंटर असतील तर ३ ठेवावा. चौथा मागणारा आपोआप थांबेल.

धोके

'व्ही' करायचे राहिले तर रांगेतले सारे कायमचे झोपून राहतात. दुसरा धोका परस्परांना अडवून बसण्याचा. माझ्याजवळ वही आहे, मला गल्ल्याची किल्ली हवी. भावाजवळ किल्ली आहे, त्याला वही हवी. दोघेही थांबलो, दुकान बंद! उपाय असा की सर्वांनी आधी वही व मग किल्ली, हा एकच क्रम पाळावा.

तिसरा धोका १९९७ साली मंगळावर दिसला. पाथफाइंडर यानातील हवामानाची नोंद घेणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाने सेमाफोर धरला होता. अधिक महत्त्वाचे एक काम त्याच्यासाठी खोळंबले आणि मधल्या दर्जाची कामे मात्र पुढे चालत राहिली. वेळेत काम न झाल्याने यानाचा संगणक पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. सेमाफोर धरणाऱ्याला, खोळंबलेल्या कामाइतके महत्त्व तेवढ्यापुरते देण्याची सोय पृथ्वीवरून चालू केली, तेव्हा प्रश्न मिटला.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट निराळीच आहे. सेमाफोर वहीला कुलूप घालत नाही. एखादी प्रोसेस 'पी' न करताच सरळ लिहू लागली तर तो तिला अडवू शकत नाही. तो म्हणजे एक करार आहे. सर्वांनी पाळला तरच उपयोगाचा. त्या दिवसानंतर वडिलांनी आम्हाला एकच नियम घालून दिला : वही हातात घेतली की लिहून होईपर्यंत सोडायची नाही, आणि वही हातात नसताना आकडा उतरवून ठेवायचा नाही. वडिलांनी डाइक्स्ट्रांचे नाव ऐकलेले नाही. आजींचे खाते मात्र तेव्हापासून चुकलेले नाही.