चार्जरवरचा क्रमांक काय सांगतो?

परभणीच्या बाजारात मोबाइलचा चार्जर घ्यायला गेलात, तर दुकानदार तुमच्यापुढे दोन-तीन नमुने ठेवील. रंग एक, आकार एक, किंमत मात्र वेगवेगळी. मोबाइल तर तिन्हींनी चार्ज होतो. मग जास्त पैसे कशाचे द्यायचे? याचे उत्तर चार्जरच्या पाठीवरील बारीक छपाईत असते. ती कशी वाचायची, हे आज आपण पाहू.

प्रथम चार्जरचे काम लक्षात घेऊ. त्याच्या एका बाजूला घरातील २३० व्होल्टची वीज येते. दुसऱ्या बाजूने साधारण ५ व्होल्टची वीज बाहेर पडते आणि ती वायर आपण बिनदिक्कत हातात धरतो. या दोन बाजूंमध्ये विद्युत्‌रोधक असतो. रोहित्राच्या दोन वेटोळ्यांमधील पातळ थर आणि आतील पट्टीवर सोडलेली काही मिलिमीटर मोकळी जागा, एवढाच तो अडसर. माल स्वस्त करण्यासाठी कोणी हा थर पातळ केला किंवा ही जागा कमी केली, तर चार्जर तरीही चालतो! बाहेरून काहीच कळत नाही. दोष कळतो तो एखाद्या दिवशी धक्का बसल्यावर. म्हणूनच अशा वस्तूंची परीक्षा घरात नव्हे, तर प्रयोगशाळेत व्हावी लागते.

ही परीक्षा कशी घेतात? आयएस १३२५२ (भाग १) या भारतीय मानकातील काही चाचण्या पाहा.

पहिली चाचणी विद्युत्‌रोधकाची. चार्जरच्या दोन बाजूंमध्ये ३००० व्होल्टचा दाब एक मिनिट देतात. रोधक फुटता कामा नये. तुम्ही विचाराल, घरात २३० व्होल्ट असताना ३००० कशाला? आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठात वळिवाच्या विजा चमकतात, मोठी यंत्रे चालू-बंद होतात. अशा वेळी तारांमधून क्षणभर फार मोठा दाब धावून जातो. त्या क्षणीही अडसर टिकला पाहिजे.

दुसरी चाचणी गळतीच्या प्रवाहाची. आपण हात लावतो त्या भागातून अंगात किती प्रवाह जाईल, हे मोजतात. भूजोडणी नसलेल्या उपकरणासाठी मर्यादा आहे ०.२५ मिलिअँपिअर. साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअर प्रवाह गेला, की माणसाला झिणझिण्या जाणवतात. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते. त्याहून मोठा प्रवाह छातीतून गेला तर हृदय बंद पडू शकते.

तिसरी चाचणी उष्णतेची. उपकरण पूर्ण भाराने चालवून त्याचे तापमान आसपासच्या हवेपेक्षा किती वाढते, ते पाहतात. समजा, ही वाढ ३५ अंश आहे. हवा २५ अंश असेल तर चार्जर ६० अंशांवर जाईल. परभणीच्या मे महिन्यात हवा ४३ अंश झाली, तर तोच चार्जर ७८ अंशांवर पोहोचेल! म्हणून उपकरण किती तापमानाच्या हवेत वापरायचे आहे, याचाही हिशेब चाचणीत धरतात. चार्ज होत असलेला मोबाइल उशीखाली ठेवू नये, याचे कारण आता तुमच्या ध्यानात येईल.

छपाईचीसुद्धा परीक्षा होते! पाण्यात भिजवलेल्या फडक्याने १५ सेकंद आणि नंतर पेट्रोलियम स्पिरिटच्या फडक्याने १५ सेकंद घासल्यावरही अक्षरे वाचता आली पाहिजेत.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडील मानके ठरवणारी भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. १ एप्रिल १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहते. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी आदेश काढून इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या १५ प्रकारांना नोंदणी सक्तीची केली. २०१४ मध्ये या यादीत अॅडॅप्टर, पॉवर बँक, मोबाइल यांची भर पडली. परदेशी कारखान्यालाही यातून सूट नाही. त्याला आपला नमुना ब्यूरोने मान्यता दिलेल्या भारतातील प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावा लागतो. केंद्र सरकारची अशी एक प्रयोगशाळा मुंबईत अंधेरीला आहे. शिवाय भारतात जबाबदार प्रतिनिधी नेमावा लागतो. नोंदणी नसलेला असा माल न्हावाशेवासारख्या बंदरात उतरला, तरी सीमाशुल्क खात्याकडून कायदेशीरपणे सुटत नाही. युरोपातील 'सीई' ही खूण भारतीय नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

नोंदणी झाली की 'आर' हे इंग्रजी अक्षर व पुढे आठ आकडे असा क्रमांक मिळतो. तो मानकाच्या क्रमांकासह वस्तूवर छापतात. नव्या मालावर आयएस/आयईसी ६२३६८ (भाग १) हे नवे मानकही दिसेल.

मात्र एक गोष्ट विसरू नका. तपासला जातो तो नमुना. तुमच्या हातातील चार्जर नव्हे. बाकीचा सर्व माल त्या नमुन्यासारखाच असेल, अशी हमी उत्पादक स्वतः देतो. क्रमांक एका ठरावीक कारखान्याला व ब्रँडला मिळतो. त्याखाली कोणती मॉडेले येतात, हेही नोंदलेले असते. कोणी दुसऱ्याचाच क्रमांक आपल्या मालावर छापला तर? म्हणून ब्यूरो बाजारातून नमुने उचलून पुन्हा तपासू शकते, आणि ग्राहकालाही क्रमांक पडताळून पाहता येतो. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या अॅपमध्ये क्रमांक घातला, की नोंदणी कोणाची आहे ते कळते. ते नाव व हातातील चार्जरवरील नाव जुळते का, हे पाहायचे.

करून पहा :

१. घरातील चार्जर बोर्डावरून काढून त्यावरील मानक क्रमांक, 'आर' क्रमांक आणि मॉडेल वहीत लिहून घ्या व शिक्षकांच्या मदतीने पडताळा. चार्जर उघडू मात्र नका. वीज बंद केल्यावरही आतील धारित्रात विद्युत्‌भार शिल्लक असू शकतो.

२. ओहमचा नियम वापरून काढा : २३० व्होल्ट दाब असताना प्रवाह ०.२५ मिलिअँपिअरवर रोखायला किती रोध लागेल? (उत्तर : ९,२०,००० ओहम.)

एवढा रोध त्या लहानशा डबीने सतत सांभाळायचा असतो. आपण जास्त पैसे देतो ते यासाठी. आणि ते खरोखर यासाठीच गेले की नाही, हे पाहण्याची सुरुवात क्रमांक वाचण्यापासून होते.