साथीची वर्दी द्यायची कुणी?



उसावर कीड दिसली की आपण गट कार्यालयात सांगता, शेतकी विभागाचा माणूस प्लॉटवर येतो, पाहणी होते. २००२ साली पांढरा लोकरी मावा सांगली भागात दिसला आणि पुढे किती जिल्ह्यांत पसरला, हे जुन्या सभासदांच्या ध्यानात असेलच. कीड चार पानांवर असताना कळली तर पाने तोडून भागते; शेतभर झाल्यावर कळली तर नुसती हळहळ. माणसांच्या साथीचेही तसेच आहे. तिची वार्ता ठेवणारी सरकारी व्यवस्था कशी चालते, ते गळीत हंगामासाठी माहीत असावे म्हणून हे लिहितो.

ही व्यवस्था देशभर उभी राहण्याचे एक मोठे कारण आपल्या शेजारीच घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने आपला लोहारा-उमरगा भाग उद्ध्वस्त झाला, हे सांगायला नको. हादऱ्यांच्या भीतीने बीड जिल्ह्यातही कित्येक लोक घराबाहेर राहू लागले, धान्य मात्र घरातच राहिले. त्यावर उंदीर माजले, असे तज्ज्ञांचे मत पडले. १९९४ च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातील मामला गावात आधी उंदीर मरू लागले, मग पिसवांचा त्रास सुरू झाला, आणि सप्टेंबरात माणसांना ताप येऊन जांघेत गाठी आल्या. हा क्रम प्लेगचा. पण १९६६ नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची खात्रीची नोंद नव्हती, त्यामुळे नजर सैल पडलेली. त्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. पन्नासच्या वर माणसे गेली, लाखो लोक शहर सोडून पळाले, परदेशांनी विमाने आणि मालाची खरेदीसुद्धा थांबवली.

त्यानंतर १९९७ मध्ये साथरोगांवर लक्ष ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला आणि नोव्हेंबर २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत आपले महाराष्ट्र होते.

काम असे चालते. उपकेंद्राची आरोग्यसेविका रोगाचे नाव ठरवत नाही, लक्षणे मोजते: ताप किती जणांना, जुलाब किती जणांना. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर संशयित रोग लिहितात, प्रयोगशाळा पक्का रोग कळवते. पूर्वी हे कागद आठवड्याला जात. २०२१ पासून नोंद संगणकावर रोजच्या रोज होते. एखाद्या गावचा आकडा नेहमीपेक्षा उडाला की जिल्ह्याचे पथक निघते, पाण्याचे नमुने घेते. सगळे यंत्र असे आहे खरे, पण पहिला आकडा गावातूनच जावा लागतो. तोच गेला नाही तर दिल्लीचा संगणक काय करणार?

आणि तो जात नाही, याला भीतीही कारण आहे. १८९७ चा साथरोग कायदा प्लेगसाठीच झाला. त्या साली पुण्यात सोल्जरांनी घरे तपासली, तेव्हा लोक आजारी माणसे लपवू लागले. तोच कायदा २०२० मध्ये करोनासाठी पुन्हा वापरला गेला. जिथे धाक जास्त तिथे लपवालपवी जास्त, हे माझे मत.

आता आपल्या तळावरची गोष्ट. टोळ्या येतात, कोप्या पडतात, पाणी मिळेल त्या विहिरीचे. चार जणांना जुलाब झाले की मुकादम म्हणतो, “साहेब, ह्यात काय कळवायचं? एक सुई टोचली की बरं वाटंल.” मजूर बाहेरगावचा, त्याचे नाव इथल्या आशाताईंच्या वहीत नाही. म्हणजे कोपीतला आजार ना त्याच्या गावच्या आकड्यात, ना आपल्या! पटकी असो की गॅस्ट्रो, विहीर तीच असेल तर दोन दिवसांत तो आपल्या वस्तीवरही येतो.

म्हणून चिटबॉयने, किंवा ज्याच्या रानात टोळी आहे त्या सभासदाने, एकाच तळावर दोन-तीन जणांना सारखाच त्रास दिसला की त्याच दिवशी उपकेंद्रात फोन करावा. रोग ओळखायची गरज नाही. तळ कुठला, किती जण, त्यांत लहान मुले किती, केव्हापासून आणि पाणी कोणते, एवढे सांगावे. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय एकाएकी लुळा पडला तर एकट्या मुलाचीही वर्दी द्यावी. पोलिओवरची नजर अजून तशीच चालते. सेविका येईपर्यंत जुलाबवाल्याला ओआरएसचे पाणी चालू ठेवावे, आणि पिण्याच्या पाण्यात टीसीएल टाकून अर्धा तास जाऊ द्यावा.

क्षयरोगाचे वेगळे सांगतो. २०१२ पासून त्याचा रुग्ण सरकारला कळवणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. साध्या क्षयाचा औषधोपचार सहा महिन्यांचा, आणि आपला मजूर निम्मे वर्ष घराबाहेर. गोळ्या मध्येच तुटल्या तर रोग औषधाला दाद देईनासा होतो. प्रत्येक रुग्णाला निक्षय क्रमांक मिळतो, त्यावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यातही गोळ्या चालू ठेवता येतात. टोळी उतरल्यावर मुकादमांनी चौघांत न विचारता बाजूला घेऊन विचारावे, आणि तो क्रमांक घेऊन माणसाला केंद्रात पाठवावे. त्या दिवसाचा त्याचा खाडा धरू नये.