मनू, आधी वायरी कमी कर

मनू, व्हीसीव्ही रॅक हे मोड्यूलर सिंथेसायझरचं सॉफ्टवेअर घेतलंस ते छान केलंस. फुकट आहे, आपल्या लॅपटॉपवर चालतं. पण पडदाभर मोड्यूल मांडून, वायरींचं जंजाळ करून वर मलाच विचारतेस की सीक्वेन्सर वाजत का नाही?

अगं, तो कधीच वाजत नाही. तो नुसते हुकूम सोडतो. एका वायरीतून 'कुठला सूर', दुसरीतून 'आता'. सूर आवाज काढणाऱ्या व्हीसीओकडे जातो, 'आता' एडीएसआरकडे, आणि एडीएसआर आवाज बाहेर सोडणाऱ्या व्हीसीएचं दार उघडतो. तेव्हा सगळं काढून टाक. एसईक्यू-३ हा सीक्वेन्सर, क्वांटायझर, व्हीसीओ, फिल्टर, व्हीसीए, एडीएसआर आणि ऑडिओ, महिनाभर पुरे.

नॉब जरा हलला की सूर भलतीकडे जातो, यात तुझा दोष नाही. इथे एक व्होल्ट म्हणजे अख्खं सप्तक, म्हणजे शेजारचा स्वर व्होल्टच्या बाराव्या भागावर. तेवढं बोटाने कोण साधणार? म्हणून मधे क्वांटायझर. त्याच्या बारा बटणांपैकी सी, डी, ई, जी, ए चालू ठेव, बाकी बंद. सी-ला सा धरलास की झाले भूपाचे स्वर. आता नॉब कसेही फिरव. (स्वर झाले, भूप नाही झाला. मींड नाही, काही नाही. गाण्याच्या बाईंसमोर बोलू नकोस.)

आता खरी गंमत. सीक्वेन्सरची आठही घरं पेटवून ठेवू नकोस गं, घड्याळासारखं टकटक वाजतं. तू तबला शिकली आहेस ना? स्टेप्सचा नॉब सातवर आण, रूपक. त्याची समच 'खाली'वर, म्हणून पहिलं घर विझव. चौथं आणि सहावं पेटव, टाळीच्या जागा. बाकीच्यांतलं एखादंच. ऐक कसं डुलायला लागतं ते. मग दुसरा एसईक्यू-३ आठ घरांचा घे आणि एकाच एलएफओचा, म्हणजे संथ लाटा देणाऱ्या मोड्यूलचा, चौकोनी आउटपुट दोघांच्या क्लॉकला दे. दोघांना एकदम रिसेट कर; एकत्र निघतील, सुटतील आणि ५६ घरांनी पुन्हा गाठ पडेल. मधल्या काळात जे घडतं ते तू बसून ठरवलं असतंस तर सुचलं नसतं. मला तरी नसतं सुचलं.

आणि हे काही परकं नाही बरं. मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ साली रोलँडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ च्या साथीने राग वाजवून अख्खी रेकॉर्ड काढली, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. तेव्हा फार कुणी विचारलं नाही; पुढे जगभरचे लोक शोधत आले. खालचा बास नीट ऐक. तेच ते फिरत राहतं. म्हणून तूही सूर बदलत बसण्याआधी फिल्टरचा कटऑफ हळूहळू फिरवून बघ.

रेकॉर्डर मोड्यूल मात्र पहिल्या दिवसापासून लाव. पॅच सेव्ह होतो, पण हाताने फिरवलेले नॉब कसे फिरले ते कुठेच राहत नाही.

हेडफोन चढवण्याआधी व्हॉल्यूम खाली कर. रेझोनन्स वाढला की फिल्टर किंचाळतो, आणि कान दोनच आहेत.