काम संपले, पण प्रकल्प?

उद्घाटन झाले, हारतुरे झाले की आपण म्हणतो, प्रकल्प पुरा झाला. वस्तुतः तेव्हा फक्त बांधकाम संपलेले असते. प्रकल्प रीतसर बंद करणे हे वेगळे काम आहे. त्यात भाषणे नसतात, कागद असतात. म्हणून त्याला कार्यकर्ता मिळत नाही.

एका अभ्यासिकेचा हिशेब आमच्याकडे होता. उद्घाटनाच्या आनंदात ठेकेदाराचे अंतिम बिल तर आम्ही दिलेच, राखून ठेवलेली अनामतही परत केली. पहिल्याच पावसात स्लॅब गळू लागला. ठेकेदार येईना. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, करारात होती. पण पैसा आपल्या हाती नसेल तर नुसत्या कलमाला कोण विचारतो? चूक आमचीच. मुले पावसाळाभर जिन्याखाली बसून वाचीत होती.

तेव्हा मोजमाप पुस्तिका प्रत्यक्ष कामाशी ताडल्याशिवाय अंतिम बिल देऊ नये. भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे. नकाशे, किल्ल्या कोणाकडे दिल्या ते सहीनिशी नोंदवावे. केंद्राचे अनुदान असल्यास, २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते.

आणि प्रकल्पाचे बँक खाते बंद करावे. दोनचारशे रुपये शिल्लक आणि पदाधिकारी बदललेले, अशी खाती आम्ही काउंटरवर नेहमी पाहतो. १० वर्षे व्यवहार झाला नाही तर ती शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. मागितल्यास परत मिळते, पण तोवर सह्या कोणाच्या आणायच्या?