नाण्यावरील तडा व टाकसाळीतील चुका : एक निरीक्षणपाठ

नाणे प्रत्येक मुलाच्या हाती येते. तथापि ते नीट न्याहाळण्याची सवय आपण शाळेतून क्वचितच लावतो. या उपेक्षेचा तोटा गरिबास होतो. चांगले नाणे ‘खोटे’ म्हणून परत केले जाते, आणि ‘दोषी नाण्यास लाखो रुपये मिळतात’ या जाहिरातीस भोळा मनुष्य बळी पडतो. म्हणून पाचवीच्या पुढील वर्गांसाठी हा पाठ सुचवीत आहे. साहित्य म्हणजे चालू नाणी, एक भिंग आणि शाडूची माती.

प्रथम नाणे कसे घडते ते सांगावे. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करतात, कडा किंचित उभारतात, आणि मग प्रत्येक चकती पोलादी कड्यात ठेवून वरखाली असलेल्या दोन ठशांमध्ये दाबतात. एका दाबात छापा व काटा दोन्ही उठतात. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे वडील प्रेसवर काम करतात, त्या मुलांना ‘डाय’ हा शब्द घरूनच ठाऊक असतो. त्यांनाच समजावून सांगू द्यावे. ती गुरुजींपेक्षाही चांगले सांगतील.

आता मुख्य मुद्दा. हजारो चकत्यांवर आघात करून पोलादी ठसाही थकतो व त्यास तडा जातो. तडा म्हणजे ठशावरील बारीक चर. दाबाखाली चकतीचा धातू त्या चरात शिरतो. म्हणून नाण्यावर तडा खोलगट न दिसता उंचावलेल्या रेषेच्या रूपाने दिसतो. ही रेषा बहुधा अक्षराच्या टोकापासून कडेकडे वाकडीतिकडी जाते. उलट, खिशातील किल्लीने वा दगडाने पडलेला ओरखडा नेहमी खोल असतो. उंच की खोल, एवढाच प्रश्न मुलांनी विचारावा. उत्तर डोळ्यांना न मिळाल्यास नाणे उजेडात तिरपे धरून सावली पाहावी. ठशाचा कडेचा तुकडाच निखळला, तर त्या जागी नाण्यावर धातूचा बिनअक्षरी फुगवटा उठतो.

हे पटविण्यासाठी अर्धवट वाळलेल्या शाडूच्या गोळ्यावर टाचणीने चित्र कोरावे, त्याच्या शेजारी एक वेडीवाकडी रेघ मारावी, वर राख भुरभुरून ओली माती दाबावी. कोरलेली रेघ उंच होऊन येते. अक्षर कोरले असल्यास ते उलटे उमटते, हे मुले आपण होऊन शोधतील; त्यांना आधी सांगू नये. नंतर ती रेघ थोडी लांबवून पुन्हा छाप घ्यावा. एकाच ठशाचा तडा कसा वाढत जातो आणि नाणी कोणत्या क्रमाने पडली हे कसे ताडता येते, याचा हा उत्तम नमुना होय.

अन्य दोष थोडक्यात. चकती सरकली तर चित्र एका बाजूस कलते. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले तर पुढच्या चकतीच्या एका बाजूस त्याच चित्राचे खोलगट, उलटे प्रतिबिंब उमटते. संग्राहक त्यास ‘लाखी’ म्हणतात. पट्टीतून चकती कापताना आधीच्या छिद्रावर घाव पडला तर नाण्याचा घास घेतल्यासारखा दिसतो. असा घास खरा असल्यास बहुधा त्याच्या बरोबर समोरची कडही पुसट असते. कानशीने घासलेल्या नाण्यात तसे नसते. आपले नाणे पुस्तकाच्या पानासारखे उलटले असता दुसरी बाजूही सरळ दिसली पाहिजे. ती फिरलेली दिसल्यास ठसा फिरला होता असे समजावे.

टाकसाळीची खूण म्हणजे दोष नव्हे, हे आवर्जून सांगावे. वर्षाच्या आकड्याखाली मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा व नॉयडाचा गोल ठिपका असतो. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. आपल्यास सर्वांत जवळची मुंबईची टाकसाळ १८२९ सालची आहे. शिवराईच्या काळी मात्र ठसा हातोड्याने मारीत आणि पुष्कळदा ठसा चकतीहून मोठा असे. म्हणून ‘श्री राजा शिव’ मधील एखादे अक्षर चकतीबाहेर गेलेले आढळते. त्यास चूक म्हणणे अन्यायाचे होईल.

दहा रुपयांच्या नाण्याविषयी वर्गात अवश्य बोलावे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की तोवर काढलेले त्याचे चौदाही नमुने ग्राह्य आहेत. ₹ हे चिन्ह २०१० साली स्वीकारले गेले. त्यापूर्वीच्या नाण्यावर ते नसणारच. उल्हासनगरच्या बाजारातून परतणाऱ्या आईस कोणी असे नाणे नाकारले, तर मुलाला कारणासह उत्तर देता आले पाहिजे.

लोहमार्गालगतच्या गावांत मुले रुळावर नाणे ठेवून चपटे करतात. हा खेळ जिवावरचा आहे. शिवाय विद्रूप केलेले नाणे चलन राहत नाही, आणि नाणे वितळविणे वा नष्ट करणे २०११ च्या नाणे कायद्याने निषिद्ध आहे.

मोलाविषयी विचारणा झाल्यास सांगावे की बारीक तडा असलेल्या बहुतेक नाण्यांस त्यांवर लिहिलेलीच किंमत येते. जुने नाणे विकून देण्यासाठी कोणी आधी शुल्क वा कर मागितला, तर तो फसवीत आहे असे समजावे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे मागणाऱ्यांविरुद्ध त्या बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला आहे. हा भाग पालकसभेतही वाचून दाखवावा.