पहिला दाखला अर्जाआधी, दुसरा कर्जमुक्तीआधी

प्रश्न : आम्ही बरीच वर्षं न्यू जर्सीत राहतो. नवऱ्याची नोकरी गेली, त्यातच माझ्या शस्त्रक्रियेचं बिल आलं आणि घरखर्च क्रेडिट कार्डांवर चालवता चालवता कर्ज ६० हजार डॉलरच्या वर गेलं. वकिलांनी ‘चॅप्टर सेव्हन’ची दिवाळखोरी सुचवली आहे. पण अर्जाआधी एक कोर्स आणि अर्जानंतर आणखी एक कोर्स करा, असं ते म्हणतात. हातात पैसाच नाही, त्याला पैसा कसा वापरावा हे शिकवून काय होणार? दोघांच्या वतीने एकानेच कोर्स केला तर चालेल का? शिवाय पुण्यात नवऱ्याच्या आणि दिरांच्या नावावर एक फ्लॅट आहे. तो इथे दाखवावा लागतो का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : दोन्ही कोर्स करावेच लागतील आणि तुम्हा दोघांनाही करावे लागतील. नवरा-बायकोने एकत्र अर्ज केला तरी दाखला प्रत्येकाच्या नावाचा वेगळा लागतो.

तुमचा राग मला रास्त वाटतो. ही अट २००५ च्या दिवाळखोरी कायद्यातील दुरुस्तीने आली. दुसरा मार्ग शिल्लक असतानाही लोक कोर्टात धाव घेतात, असा तेव्हा अमेरिकी काँग्रेसमध्ये समज होता. पुढे अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानेच २००७ च्या अहवालात म्हटलं, की अर्जाआधीच्या समुपदेशनाचा नेमका उपयोग स्पष्ट दिसत नाही. बहुतेक लोक तिथे पोचतात तेव्हा त्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरलेलाच नसतो. आजारपणाने आणि नोकरी गेल्याने कर्जात गेलेल्या घराला उधळपट्टीवरचा धडा ऐकावा लागणं अपमानास्पद आहे. तरीही अर्जाआधीच्या समुपदेशनाची ही पहिली बैठक उरकून टाकू नका. तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत, की त्यांनी सगळा हिशेब बदलू शकतो.

त्यातली एक म्हणजे शस्त्रक्रियेचं बिल. करसवलत घेणाऱ्या ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचं धोरण ठेवावंच लागतं आणि घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून किमान २४० दिवस मदतीचा अर्ज स्वीकारावा लागतो. तुम्ही तो केला आहे का? बिल मोठं असेल आणि मुदत उरली असेल, तर आधी हे करा. चांगला समुपदेशक हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत विचारतो. त्याने विचारला नाही तर तुम्ही विचारा.

ही पहिली बैठक, म्हणजे क्रेडिट काउन्सेलिंग, साधारण तास-दीड तासाची असते आणि फोनवर किंवा इंटरनेटवरही चालते. संस्था मात्र न्याय विभागाच्या ‘यूएस ट्रस्टी’ कार्यक्रमाने तुमच्या न्यायिक जिल्ह्यासाठी मान्य केलेलीच हवी. यादी विभागाच्या संकेतस्थळावर आहे. ‘कर्ज निम्म्यावर आणून देतो, हप्ते भरणं थांबवा’ अशी जाहिरात करणाऱ्या सेटलमेंट कंपन्या वेगळ्या. त्यांच्याकडे जाऊ नका. मान्य संस्था तुमचं उत्पन्न, खर्च आणि देणी मांडून पाहते आणि कदाचित तीन ते पाच वर्षांत फेडण्याची योजना सुचवते. ती स्वीकारण्याची सक्ती नाही. नाकारलीत तरी दाखला मिळतो. शुल्क ५० डॉलरपर्यंत वाजवी मानलं जातं. तुमच्या कुटुंबाचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या दीडपटीखाली असेल तर शुल्क माफ करून मागा, संकोच नको.

वेळेच्या बाबतीत मात्र कोर्ट कठोर असतं. दाखला अर्जाच्या आधीच्या १८० दिवसांतला हवा. अर्ज आधी आणि बैठक नंतर झाली, तर प्रकरण फेटाळलं जाऊ शकतं. तातडीची सवलत कायद्यात आहे, पण सात दिवस प्रयत्न करूनही बैठक मिळाली नाही, हे तुम्हाला दाखवावं लागतं. आज घरबसल्या बैठक मिळत असताना हे कोण मान्य करील? फेटाळल्यावर वर्षाच्या आत पुन्हा अर्ज केला, तर देणेकऱ्यांच्या वसुलीवर येणारी स्थगिती मुदतवाढ न मिळाल्यास ३० दिवसांतच संपते. घराचा लिलाव तोंडावर असेल तर ही चूक फार महागात पडते.

दुसरा कोर्स अर्जानंतरचा. अंदाजपत्रक, क्रेडिटचा वापर आणि विमा असे विषय त्यात असतात आणि तो साधारण दोन तासांचा असतो. पहिल्या बैठकीबरोबरच हाही उरकून टाकता येत नाही. लोक घसरतात ते इथे. देणेकऱ्यांची सभा पार पडते, वसुलीचे फोन थांबलेले असतात, सगळं संपलं असं वाटतं. मग दुसरा दाखला कोर्टात पोचतच नाही आणि कर्जमुक्ती न देता प्रकरण बंद होतं. ते पुन्हा उघडायला वेगळं शुल्क पडतं. म्हणून केस नंबर मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यातच हा कोर्स करा आणि दाखला कोर्टात जमा झाल्याची खात्री वकिलांकडून करून घ्या.

आता दुसरी गोष्ट, पुण्याचा फ्लॅट. दाखवावाच लागतो. कायद्याच्या भाषेत तुमची मालमत्ता ‘जिथे कुठे असेल तिथली’ धरली जाते. पुण्यातला अर्धा हिस्साही त्यात आला आणि गावच्या सामाईक जमिनीतला वाटाही. भारतातलं इथे कोणाला कळतंय, असा सल्ला मंडळींकडून हमखास मिळतो. तो ऐकू नका. मालमत्तेच्या यादीवर तुम्ही ‘खोटं ठरल्यास शिक्षेला पात्र’ या अटीवर सही करता; मालमत्ता लपवली तर कर्जमुक्ती नाकारली जाऊ शकते आणि तो फौजदारी गुन्हाही आहे. घाईने फ्लॅट दिरांच्या एकट्याच्या नावावर करणंही तितकंच धोक्याचं. दिरांकडून उसने घेतलेले पैसे गेल्या वर्षभरात परत केले असतील, तर तेही वकिलांना सांगा. तुमच्या प्रकरणावर नेमलेला ट्रस्टी ती रक्कम परत मागू शकतो.

नवऱ्याच्या हिश्श्याची किंमत मोठी असेल, तर ‘चॅप्टर सेव्हन’ तुमच्यासाठी योग्य नसेलही, कारण त्यात तो विकला जाऊ शकतो. ‘चॅप्टर थर्टीन’मध्ये हिस्सा हातात ठेवून हप्त्यांनी फेड करता येते, मात्र तो विकून देणेकऱ्यांना जितकं मिळालं असतं, निदान तितकं तरी द्यावं लागतं. म्हणून फ्लॅटची आजची किंमत आणि गावच्या जमिनीचा सातबारा असेल तर त्याची नक्कल पहिल्या बैठकीआधीच मागवून ठेवा आणि वकिलांनी अर्ज लिहायला घेण्यापूर्वी त्यांच्या हाती द्या.